पहिल्या दिवशीची धार

ट्रेसी तारोडी गावातल्या आपल्या घरी पोचली तेव्हा चपला काढायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तीन वर्षं ती भाईंदरच्या एका प्रयोगशाळेत पोलादावर मिश्रधातूचा लेप चढवत होती. मेला तो लेप केसाहून पन्नास पट पातळ, आतली अणूंची रचना काचेतल्यासारखी विस्कळीत, आणि तरी पोलादाहून कठीण. लेप दिलेली एक सुरी तिने महिन्यापूर्वी आईला, मासळी विकणाऱ्या आयरिनला, वापरायला दिली होती. धार जराही गेली नाही, असं आई रोज सांगायची. आजच साहेबांनी तसा अहवाल पुढे पाठवला होता.

दारात आयरिन दगडावर पाणी शिंपडून तीच सुरी घासत बसली होती.

"मम्मी, हे काय करतेस?"

"रोजचंच. नवी सुरी दगडाला लावल्याबिगर मासळीला लावायची न्हाय. वरची चकाकी मी पयल्याच दिवशी उतरवली. पण लय चिवट हाय गो ती! हात भरून आला माजा."

ट्रेसीने सुरी हातात घेऊन पातं उजेडात धरलं. महिनाभर टिकली ती आईच्या हाताची धार होती. लेपाची खरी चाचणी पहिल्या सकाळीच या दगडावर उरकली होती, आणि ती कुणी लिहून घेतली नव्हती.