धुतलेला घोस

आमच्या दुकानावर पाटी आहे : बोलकी द्राक्षं धुवू नयेत. अक्षरं एवढी मोठी, की समोरच्या फुटपाथवरून आंधळ्यालाही दिसावीत. पण ज्याला बघायचंच नाही, त्याच्यापुढे किती डोकं फोडणार?

डोळे चुरचुरले की हिरवी द्राक्षं, झोप उडाली की काळी, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ती धुवा नाहीतर उकळा, माझं काही म्हणणं नाही. बोलक्यांची गोष्ट वेगळी. ती वेलीवर पिकत असताना तोंड जवळ नेऊन बोललं, की बोलणं सालीवरच्या पांढऱ्या भुकटीत बसतं. ज्याच्यासाठी ठेवलं असेल त्यानं द्राक्ष जिभेवर ठेवलं, की बोलणाऱ्याचा आवाज कानात. भुकटी कोरडी आहे तोवर आवाज पक्का राहतो. ओली झाली की आजूबाजूला कोण काय बडबडतंय तेही ओढून घेते. म्हणून ती पाटी.

आई जायच्या आधी माझ्या आधारानं मागच्या अंगणात आली, वेलीखाली खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "तू आत जा. हे धाकटीसाठी आहे." तिची उठबस मी केली, औषधपाणी मी केलं, आणि घोस धाकटीसाठी. राग आला तो आला, खोटं कशाला बोलू? पण गेले आत.

धाकटी म्हणजे माझी बहीण. कडाक्याचं भांडण करून घर सोडून निघाली, तेव्हा आई तिला म्हणाली होती, "पुन्हा या घराचा उंबरा ओलांडायचा नाही." दोघी अशा हट्टी, की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. आई गेली त्या दिवशीही ही बया बाहेर रस्त्यावर उभी. म्हणाली, "आईचा शब्द आईच मागे घेईल, तरच आत येईन." आता मेलेल्या माणसानं शब्द मागे घ्यायचा कसा? तर त्या घोसातून. आई त्यात काय बोलली होती, देव जाणे. घोस पिकला तसा मी तो कापून स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला आणि हिला निरोप धाडला.

आली. दुकानात एका उलट्या खोक्यावर बसली, मांडीवर पिशवी घेऊन, गाडीची वाट बघत असल्यासारखी. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच उंबरा, पण तिकडे तिनं मान वळवली नाही. मी घोस आणायला आत गेले.

आत धाकट्या भावाची बायको उभी. एका हातात चाळण, दुसऱ्या हातात वाटी. चाळणीत आईचा घोस, घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत. वाटीत दुधट पाणी.

"पाहुण्या येणार म्हणून धुऊन काढली, ताई," ती कौतुकानं म्हणाली. "केवढी धूळ बसली होती."

हिच्या माहेरी द्राक्षं नुसती खातात. दुसरा काही उपयोगच करत नाहीत. लग्न होऊन येऊन महिना झाला तरी हिला कुणी चार गोष्टी सांगितल्या नाहीत, आणि हिनंही विचारल्या नाहीत.

"धूळ?" मी म्हटलं. "अक्कल गहाण टाकलीस, की माहेरीच ठेवून आलीस? पाटी काय शोभेला लावली आहे? अगं, आई होती ती. आईला धुऊन काढलंस तू." एकदा सुटलेला माझा तोंडाचा पट्टा थांबतो थोडाच. तिच्या आईबापांपर्यंत गेले, भावाला तर सोडलंच नाही. ती बिचारी वाटी छातीशी धरून उभी होती आणि मी तिच्या अंगावर वाकून बोलतच होते.

"ताई," ती शेवटी पुटपुटली, "पाणी टाकलेलं नाही. भांड्यांना होईल म्हणून ठेवलंय."

तेव्हा कुठे मला दिसलं, की भुकटी सगळी वाटीत आहे, ओली आहे, आणि वाटी माझ्या नाकाखाली आहे. मी तोंड मिटलं. वाटी तिच्या हातून घेऊन न बोलता बाहेर नेली.

आतला आरडाओरडा धाकटीनं ऐकलाच होता. तिनं एका दमात पाणी पिऊन टाकलं. डोळे मिटून बसली. मग तिच्या गालांवरून पाणी यायला लागलं, आणि त्यातच ती हसायला लागली.

"ताई, मध्ये तू आहेस."

"मी कुठली?"

"आई म्हणते, 'बाळे, तेव्हा मी जे बोलले ते' आणि तिथे तू. 'अक्कल गहाण टाकलीस' म्हणून."

म्हणजे शब्द मागे घेतला की पुन्हा ठणकावला, नेमकं तेवढंच माझ्या आरडाओरड्यात बुडालं. जन्मभर लोकांना पाटी दाखवणारी मी. असा संताप आला, की स्वतःच्याच थोबाडीत मारावी.

"पुढे काही आहे का?" मी विचारलं.

"पुढचं स्वच्छ ऐकू आलं. 'आधी मोठीला वाढ. मी अंथरुणाला खिळल्यापासून ती उभ्या उभ्याच चार घास खाते. नको म्हणेल, ओरडेल. ओरडली तरी वाढ.'"

"एवढं सांगायला घोस कशाला वाया घालवायचा?" माझा आवाज पुन्हा चढला. "मलाच सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?" धाकटी उठली. पिशवी खोक्यावर ठेवली. "आणि वाढायला पाहुणीला सांगत नाहीत, ताई. घरातल्या बाईलाच सांगतात."

असं म्हणून ती उंबरा ओलांडून आत गेली. भावजयीला ताटं कुठे आहेत ते विचारलं. मी मागून सांगत होते, की दुकान उघडं आहे, खोकी तशीच पडलीत, मला भूक नाही, आणि आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात हात घालायचं कारण नाही. तिनं खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून बसवलं.

मी ओरडतच होते. तिनं वाढलं.