रंगात थोडा फरक पडू शकतो

पाच वाजायला आले की त्या तीन मजली इमारतीत दूध उतू जायचं, नळ वाहत राहायचे आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नसायचं. सगळ्या बायका आणि दोन निवृत्त काका दुसऱ्या मजल्यावर, मणीवालीच्या खोलीत फोनपुढे दाटीवाटीनं बसलेले. बसायला जागा उरली नाही तेव्हा एक काका दाराच्या कडीवर बसले, असं सांगणारेही भेटतात.

फोनमध्ये खडेबाबा असत. मागे काळा पडदा, आठ बोटांत आठ अंगठ्या आणि आवाज असा की उकळता चहाही गप्प बसावा.

"भक्तहो! पीडाप्राशन खडा खिडकीत धरा. जांभळा दिसतो ना? ती तुमची पीडा! आता सूर्याच्या नजरेआड व्हा. पडदा ओढा, ट्यूब लावा, मी दिलेले अकरा शब्द म्हणा... आणि पाहा! निळा! खडा पीडा प्यायला!"

"प्यायला गं बाई, प्यायला!" खोलीत गलका व्हायचा.

आपली मणीवाली कोपऱ्यात तार वळवत हे ऐकायची. ती घरीच माळा आणि कानातली बनवून फोनवर विकायची. तिचा स्टुडिओ म्हणजे बुटांचं रिकामं खोकं, त्याला आतून लावलेला बटर पेपर आणि फोन टेकवायला पिठाचा डबा. सकाळी दहाचा खिडकीतला उजेड तेवढा फुकट. खरं सांगायचं तर बाबाचा तिला आधी राग आलाच नाही, हेवा वाटला. तिच्या माळेला सतरा लाइक, त्यातले अकरा नात्यातले, आणि याच्या एका खड्याला माणसं फोनला नमस्कार करतात!

राग आला तो सासूबाईंमुळे.

सासूबाई म्हणजे या कारखान्याचा उजवा हात. मणी ओवावेत तर त्यांनीच. गप्पा मारतामारता माळ पुरी व्हायची आणि एक मणी इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण वर्षभरात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी मंगळवारची तारीख दिली होती. सोमवारी सासूबाईंनी परस्पर फोन करून ती रद्द केली.

"आई, असं का केलंत?"

"खडा पितोय ना मोतीबिंदू. कशाला डोळ्याला सुरी लावायची?"

"तुम्हाला दिसतो निळा झालेला?"

"मला सगळंच मातकट दिसतं. पण या सगळ्याजणी सांगतात ना. त्या काय खोटं बोलतील?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. खडा खरंच निळा होत होता. तिनंही पाहिलं होतं. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की मोतीबिंदू फार पिकू दिला तर शस्त्रक्रिया अवघड होईल.

गाठ सुटली ती शिवणकाकूंमुळे. काकू तळमजल्यावर ब्लाउज शिवायच्या. एके दिवशी जिन्यात डोळे पुसत बसलेल्या दिसल्या.

"माझा खडा निळा होतच नाही गं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, मनात किल्मिष आहे. आता एवढ्या वर्षांत मी कुणाचं वीतभर कापडसुद्धा ठेवून घेतलं नाही!"

मणीवालीला हे काही पटेना. इमारतीत किल्मिष वाटायचं ठरलं असतं, तर काकूंच्या वाट्याला सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं आलं असतं. ती काकूंच्या खोलीत गेली. शिवणयंत्रावर जुना पिवळा बल्ब लोंबत होता.

"काकू, तुमच्याकडे ट्यूब नाही?"

"मला सोसत नाही तो पांढरा उजेड. बाबांना सांगितलं तर म्हणाले, सबबी सांगू नका."

मणीवाली जागीच थबकली. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं तिच्याशी दोन दिवस भांडण मांडलं होतं: फोटोत मणी एका रंगाचे, घरी आले दुसऱ्या रंगाचे, तुम्ही फसवता! तेव्हापासून ती प्रत्येक फोटोखाली लिहायची, 'फोटो खिडकीच्या उजेडात काढला आहे. रंगात थोडा फरक पडू शकतो.' जे वाक्य ती रोज दहादा लिहीत होती, ते तिनं आज पहिल्यांदा वाचलं.

तिनं घाऊक मणीवाल्याला फोन लावला.

"दादा, उन्हात जांभळा, ट्यूबखाली निळा, असं काही असतं का तुमच्याकडे?"

"रंगबदलू काच! किलोवर देतो. किती पाठवू? अंगठ्या घालणारे एक गृहस्थ पोत्यानं नेतात."

दुसऱ्या दिवशी पाचच्या लाइव्हला बाबांनी विचारलं, "कोण देणार आज अनुभव?" मणीवालीनं हात वर केला. तिचा चेहरा पडद्यावर आला. बाबा खूश.

"बोला ताई! कुणाची पीडा?"

"सासूबाईंची. सगळ्यांनी बघा हं." तिनं खडा खिडकीत धरला. जांभळा. खोली हुंकारली. मग तिनं पडदा ओढला, ट्यूब लावली, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सुरू झाली:

"माळ पाण्यात घालू नये. अत्तर आधी लावावे, माळ नंतर घालावी. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. रंगात थोडा... फरक... पडू शकतो!"

खडा निळाशार.

"अगं, हे अकरा शब्द नव्हेत!" दारातले काका ओरडले.

"खड्याला कुठे मराठी येतं काका?" मणीवाली म्हणाली. तिनं ट्यूब बंद केली आणि काकूंकडून मागून आणलेला पिवळा बल्ब लावला. खडा परत जांभळा. ट्यूब लावली, निळा. बल्ब, जांभळा. कळ दाबावी तशी पीडा येत होती नि जात होती.

"ताई, तुमच्याकडे रेंज नाही," बाबा म्हणाले आणि पडद्यावरून अंतर्धान पावले. सबंध कारकिर्दीत त्यांनी स्वतः केलेला खरा चमत्कार तेवढाच.

"ही साधी रंगीत काच आहे," मणीवालीनं सांगितलं. "उजेडातला पिवळा भाग ती गिळते. उरलेला उजेड आपल्या डोळ्यांत येतो. ऊन, बल्ब आणि ट्यूब यांच्या उजेडातलं रंगांचं मिश्रण वेगवेगळं, म्हणून उरणारा रंगही वेगळा. बाबा रोज पाचलाच का येतात? तेव्हा खिडकीत ऊन असतं आणि घरात ट्यूब लावण्याइतका अंधार असतो."

शिवणकाकू उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे किल्मिष माझ्या मनात नव्हतं, होल्डरमध्ये होतं!"

खोली हसून हसून लोळली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं असं नाही गं. डोळ्याजवळ सुरी येणार म्हटलं की हातपाय गार पडतात. खडा म्हणाला थांब, म्हणून थांबले."

"मी येते ना बरोबर. टेबलापर्यंत हात धरून."

"टेबलावर नको धरूस. डॉक्टरला धक्का लागेल."

पुढच्या मंगळवारी एक डोळा झाला, महिन्याभरानं दुसरा. दुसऱ्या डोळ्याची हिरवी पट्टी सुटली त्या सकाळी सासूबाई खिडकीत जाऊन बसल्या आणि स्वतःच ओवलेल्या जुन्या माळांचे फोटो पाहू लागल्या. मग डब्यातली एक माळ उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही मी वर्षभरातच ओवली ना? यात एकही मणी चुकलेला नाही."

मणीवाली तार वळवत राहिली.

"मला निळा नि जांभळा कळत नव्हता. मग बरोबर कशी?" सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, वर्षात पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी नीट. "दुपारी मी झोपले की उसवून पुन्हा ओवायचीस?"

"रंगात थोडा फरक पडत होता, आई."

सासूबाईंनी सुई उचलली आणि दोरा पहिल्याच फटक्यात ओवला.

तो खडा त्यांनी फेकला नाही. आता कुणी जादूचा खडा घेऊन जिना चढलं की त्या त्याला आधी खिडकीत नेतात, मग ट्यूबखाली, मग काकूंच्या बल्बखाली. आपणही एवढंच करावं. समोरचा म्हणेल, शब्द म्हणा. आपण म्हणावं, थांब बाबा, आधी दिवा बदलून बघते. आणि डोळा दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. काच उजेड गिळते, आजार नाही.