धुकं विरायच्या आत

“अण्णा, इंजिन बंद करा की! पाणी हलालंय!” बोटीच्या टोकाला गुडघे टेकून बसलेला फोटोग्राफर किरण ओरडला. “आणि तुम्ही खाली वाका. तुमची टोपी येतीय फोटोत.”

मधुकर गावडेनं इंजिन बंद केलं आणि मागच्या फळीआड वाकून बसला. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी चपलेवरून मोज्यात शिरलं. जानेवारीची सकाळ, नुकतं उजाडलेलं. तळ्यावर दाट धुकं होतं, आणि त्या धुक्यातले फोटो काढायलाच ही मंडळी आली होती.

मधुकर छप्पन्न वर्षांचा. बावीस वर्षं त्यानं गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात पंप जोडले. कारखाना बंद पडला तेव्हा, इंजिनची जाण आहे म्हणून, तळ्यावरची बोट चालवायचं काम मिळालं. उन्हाळ्यात पोरंबाळं यायची, कालवा करायची, तेव्हा बरं वाटायचं. हिवाळ्यात मात्र लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. हुबळीत कसली आलीय थंडी, असं रस्त्यावरची माणसं म्हणतात. पाण्याच्या मधोमध वारा सुटला की कळतं. त्याची बायको कुसुम रोज त्याच्या शर्टाच्या आत जुनं वर्तमानपत्र घालायची, त्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी. बसायला अळणावरचं, म्हणजे त्याच्या गावाकडचं घोंगडं.

समोरच्या मुलीच्या अंगावर मात्र बिनबाह्यांचा आकाशी गाऊन होता. दीपाली तिचं नाव, केशवापुरातल्या कापडवाल्यांची लेक. शेजारी तिचा होणारा नवरा अक्षय, जाड कोटात. एकच पोझ सहाव्यांदा चालली होती.

“मॅडम, दात वाजालेत तुमचे. तोंड मिटा. आता हसा जरा.”

“थंडी वाजतीय रे,” दीपाली अक्षयला हळूच म्हणाली.

“पाचच मिनिटं गं. धुकं गेलं की सगळं फुकट.”

मधुकरनं फळीआडून हात लांबवून घोंगडं पुढं सरकवलं. “घ्या अक्का, पाठीवर घ्या तोवर.”

दीपालीनं ते हनुवटीपर्यंत ओढलं.

“बेड, बेड! ते नको!” किरण ओरडला. “गाऊनला केस चिकटतील त्याचे.”

अक्षयनं घोंगडं दोन बोटांत धरून मागं दिलं.

जागा बदलायला इंजिन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मधुकर तिला म्हणाला, “इकडं सरका अक्का. इंजिनातनं ही पाण्याची धार बाहेर पडतीय न्हवं, ती कोमट असतीय. हात धरा खाली. मी रोज असंच करतोय.”

तिनं वाकून बोटं धरली. नखं निळसर झाली होती. धार बोटांवरून वाहू लागली तसे तिनं डोळे मिटून घेतले.

“अण्णा, निल्सरी!” किरणनं पुन्हा थांबायला सांगितलं.

इंजिन थांबलं, धारही थांबली. वारा आडवा आला. लिपस्टिकखालूनही तिच्या ओठांचा रंग उडालेला दिसत होता. अक्षय धुक्याकडं बघत होता, किरण कॅमेऱ्यात. थांब म्हटलं की थांबायचं, वाक म्हटलं की वाकायचं. मधुकरला एकाएकी या सगळ्याचा वीट आला. तो उठून उभा राहिला.

“साकु! पुरे झालं. पोरगी गारठून मरंल,” म्हणत त्यानं इंजिनची दोरी ओढली आणि बोट काठाकडं वळवली.

“अहो, थांबा! कुणी सांगितलं तुम्हाला?” अक्षय ओरडत राहिला. मधुकरनं काठ येईपर्यंत त्याच्याकडं पाहिलं नाही.

उतरल्यावर दीपाली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन शब्द बरे बोलेल, असं त्याला वाटलं.

“काका, मी सांगितलं होतं का तुम्हाला बोट वळवायला?” तिचा आवाज कापत होता. “एवढा वेळ सोसलं मी. दहा मिनिटांत संपलं असतं. आता उद्या परत यायचं. आणि हिच्यामुळं राहिलं म्हणून दोन्ही घरांत बोलणी कोण खाणार? मीच न्हवं?”

“तसं न्हवं अक्का... थंडी...” असं तो म्हणेपर्यंत ती गाडीकडं चालू लागली होती.

तळ्यावरच्या साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं. उद्या मध्ये तोंड घातलंस तर घरी बसायचं, म्हणाला.

घरी मधुकरनं कुसुमला सगळं सांगितलं. “बरं करायला गेलो तर माझ्यावरच उलटली की गं ती.”

कुसुम भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. “तुम्ही बोट वळवून मोकळं झालासा. तिला नांदायचं हाय तिथं.”

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. तोच गाऊन, तोच कोट. बोट तळ्याच्या मध्यावर आली. किरणनं हात वर करायच्या आत, मागं न बघता, दीपाली म्हणाली, “काका, इंजिन बंद करा.”

मधुकरनं ते बंद केलं आणि फळीआड वाकला. तिथून त्याला फक्त तिची उघडी पाठ दिसत होती. तिच्यावर काटा आला होता, ती थरथरत होती. किरणनं कॅमेरा डोळ्याला लावला. त्यानं काही सांगायच्या आधीच ती पाठ एकदम स्थिर झाली.