उकळलेलं तीर्थ

कुसगावच्या माळावर मांडव पडला होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. गावातल्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या पोरांपासून तिथल्या मॅनेजरपर्यंत सगळे हात जोडून बसलेले. समोर गादीवर श्री श्री विरघळनाथ महाराज. छातीत साठलेला कफ ते तीर्थाने विरघळवतात, अशी ख्याती पार कामशेतपर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणे छातीचा नुसता फोटो काढतात, महाराज आजारच बाहेर काढतात!

रीत अशी. रोग्याने वाटीत तीनदा खाकरायचं. वाटी पडद्याआड जायची आणि परत यायची ती लिंबाएवढा थुलथुलीत गोळा घेऊन.

"बघ बालका, तुझ्या फुफ्फुसातला पापगोळा! सात जन्मांचा साका!" महाराज गरजायचे. मग त्यावर दुधट तीर्थ पडायचं, वाटी झाकली जायची आणि अर्धा तास नामजप. झाकण काढलं की गोळा गायब, खाली नुसतं पाणी.

कस्तुराबाई पहिल्याच रांगेत होती, पण तिचे हात जोडलेले नव्हते. त्या हातांनी ती नवऱ्याला, केरबाला, सावरत होती. चार दिवस हुडहुडी भरून ताप, कुशीत कळ, थुंकी विटकरी, आणि आता श्वास घेताना नाकपुड्या फुलत होत्या. ती सकाळपासून दवाखाना दवाखाना करत होती. पण दीर श्रीपतीने भावाला इथे आणून बसवलं, आणि केरबाही हटून बसला, "म्हाराज बोलल्याबिगर म्या हितनं हलायचा न्हाई."

कस्तुराबाईने मुकाट्याने १०८ला फोन केला. गाडी तासाभरात येणार होती. तेवढ्यात नवऱ्याचं मन वळलं नाही, तर गाडी रिकामी परत जाईल आणि आपला माणूसही जाईल, या भीतीने तिचा जीव उडून गेला होता.

महाराज तीर्थ द्यायला वाकले आणि तिची नजर त्यांच्या बोटांवर पडली. शेंडे सोललेले, लालभडक. तिने स्वतःची बोटं पाहिली. अगदी तशीच! वीस वर्षं ती गावातल्या त्याच हॉटेलात मटण करत होती. जून बोकड मऊ व्हावा म्हणून रोज कच्ची पपई वाटायची आणि चिकाने बोटांची सालं निघायची. महाराज कुठलं मटण करत असतील?

पाणी आणते म्हणून ती मांडवामागे गेली. तिथे पपईचं झाड होतं. एकेका हिरव्या फळाला उभ्या चिरा, खाली चीक गोळा करायचे डबे. शेजारी जेलीच्या पुडीची रिकामी पाकिटं. हॉटेलात पोरांच्या वाढदिवसाला ती हीच जेली लावायची. कस्तुराबाईला हसूच फुटलं. एक पपई तोडून तिने पदराआड घेतली.

"म्हाराज, आमच्या मालकांस्नी कच्चं पानी सोसत न्हाई. तीर्थ जरा उकळून द्या की."

महाराज दचकले. "उकळू नये, माते! शक्ती जळते!"

"आवं, सात जल्माचं पाप जाळनारं तीर्थ, आन शेगडीला भितंय व्हय?"

मांडवात खसखस पिकली. "बराबर बोलली मावशी!" हॉटेलातला वेटर विक्की मागून ओरडला. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

चहाच्या शेगडीवर तीर्थ दहा मिनिटं खळखळा उकळलं. मग पातेलं पाण्यात ठेवून गार केलं. कस्तुराबाईने खूण केली तसा विक्कीने पडद्यामागून गोळ्यांच्या तीन वाट्या आणल्या. ज्यांनी अजून खाकरलंही नव्हतं, त्यांचे पापगोळे आधीच तयार होते! तिथेच निम्मा मांडव हसला. एका वाटीत साधं तीर्थ घातलं, दुसरीत उकळलेलं, तिसरीत कस्तुराबाईने पाण्यात कालवलेला पपईचा चीक.

"ह्या तिसरीवर मंतर कोन म्हननार?" श्रीपतीने विचारलं.

"कुनीच न्हाई, भावजी. बगू काय हुतंय."

अर्ध्या तासाने झाकणं निघाली. साध्या तीर्थातला गोळा विरघळला होता. पपईतलाही. उकळलेल्या तीर्थात मात्र गोळा जसाच्या तसा थुलथुलत बसलेला.

"येकदा म्या चुकून उकळत्या रश्श्यात पपई टाकली," कस्तुराबाई म्हणाली, "तर मटान चामड्यागत ऱ्हायलं. उकळली की पपई मरती. आज कळलं, मंतर बी मरतोय!"

महाराजांना एकाएकी घाईची लागली. पडद्याआड गेले ते गेलेच. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला आणि केरबाने बायकोपुढे हात केला. "चल," तो कसाबसा म्हणाला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी केरबाचा ताप उतरला. तिथल्या डॉक्टर ज्योत्स्नाने कस्तुराबाईला पपईची गोष्ट दोनदा सांगायला लावली.

"मावशी, हा न्यूमोनिया. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी फुफ्फुसात धावतात. त्यांच्याकडे प्रथिनं कापणारी विकरं असतात, साधारण तुमच्या पपईतल्यासारखी. त्यांना आवरणारी प्रथिनंही शरीरच तयार ठेवतं. दोन्हींचा तोल राहिला तर ठीक. कापणारी फार झाली आणि आवरणारी कमी पडली, तर फुफ्फुसच कातरलं जातं. मटणाला पपई जास्त वेळ लागली तर काय होतं?"

"पार भुगा हुतोय."

"तेच! ते तीर्थ खरंच फुफ्फुसात पोचतं तर घात झाला असता. पोटातच जिरतं, हे नशीब. जंतू मारले अँटिबायोटिकने, तेही वेळेवर आलात म्हणून."

"मग म्हाराजांकडं गुन आल्याली लोकं?"

"साधा सर्दी-खोकला आपोआपच बरा होतो, मावशी. श्रेय घ्यायला कुणीतरी बसलेलं असतं."

संध्याकाळी श्रीपती आला. मान खाली, आणि खिशात जपून ठेवलेली तीर्थाची बाटली. "असूं द्या उशाला, वैनी. तेवढाच आधार."

"भावजी, उकळून आनलंय का?"

केरबा हसला. हसता हसता खोकला आला, पण मागोमाग श्वासही आला, छाती भरून. कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला आणि तिला रडू कोसळलं.

तेव्हा मंडळी, ताप, धाप आणि विटकरी थुंकी दिसली की आधी दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी कस्तुराबाईसारखं एवढंच विचारा, "उकळून चालंल का?"