दोन बायकांचं एक डोकं

मी बोलतेय ती इफिसस शहराच्या सार्वजनिक स्नानगृहातल्या कोनाड्यातून. दचकू नका. मला धड नाही, हात नाहीत. संगमरवराचं नुसतं डोकं. पण या एका डोक्यात दोन बायका राहून गेल्यात!

पहिली कुणी बड्या घरची. तिने माझ्यावर केसांचा असा मनोरा रचून घेतला होता, की कबुतरांनी त्यात सुखाने संसार करावा. तिचं घराणं बुडालं आणि मी मूर्तिकार झोटिकोसच्या फळीवर येऊन पडले. तिथे गिऱ्हाइकं बघून बघूनच मी शहाणी झाले. खूप वाहवा करणारा हात हलवत जातो. नावं ठेवणारा माल घेऊन जातो.

मग अँथूसाबाई आल्या. लोकरीच्या व्यापाऱ्याची विधवा. स्नानगृहाचं गळकं छप्पर त्यांनी पदरमोड करून दुरुस्त केलं, म्हणून नगराने त्यांची मूर्ती बसवायचं ठरवलं. नवा दगड परवडेना, तेव्हा झोटिकोसने मलाच पुन्हा कोरायला घेतलं. आमच्याकडे ती रीतच आहे. मनोरा उतरला, त्यातून हल्लीची घट्ट गोल टोपी निघाली. गाल बसले. डोळे मात्र मोठे झाले.

बाई बघायला आल्या, तेव्हा दारात चुनेवाला त्रोफिमोस गाढव घेऊन उभाच. लोकांना दोन्ही अर्थांनी चुना लावणारा माणूस! नापसंत संगमरवर त्याच्या भट्टीत जाऊन चुना व्हायचा.

"डोळे आहेत का थाळ्या?" बाई कडाडल्या. "मी घुबड आहे का रे?"

"बाई, राजधानीत थोर बायकांचे डोळे असेच कोरतात. संसारापलीकडे बघणारे."

"मला संसारातलंच धड बघू दे. ही मी नाहीच!"

"मग मी नेऊ का, काका?" त्रोफिमोसने मान आत घातली. "भट्टी तापलीय."

माझ्या पोटात गोळाच आला असता. पोट नाही म्हणून वाचले.

बाईंची सून मात्रोना इतका वेळ बाहेर शेजारणीशी खिदळत होती. ती आत शिरली ती तोंडात अंजीर, शाल खांद्यावर घसरलेली. बाई दाराआड, त्यामुळे समोर आधी मीच दिसले.

"अगंबाई!" तिने अंजीर अख्खं गिळलं, शाल डोक्यावर ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आलेच होते, सासूबाई! बाहेर कोण बोलत होतं? मी नव्हते!"

आधी त्रोफिमोस फिस्सकन हसला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"झोटिकोस, आता एक टवकाही काढू नकोस. बसवून टाक." मग सुनेकडे वळून, "आणि तू काय गिळलंस गं?"

आता बाई नाहीत. पण बायकांच्या अंघोळीच्या वेळेला कितीही गलका असो, माझ्या कोनाड्याशी आला की आवाज उतरतो. त्रोफिमोस अजून येता-जाता मला नजरेने तोलतो. म्हणून बायांनो, एक विनवणी. इथून जाताना जरा शाल सावरा. खोटं खोटं का होईना, घाबरा. ज्या दिवशी मला बघून कुणीच दचकणार नाही, त्या दिवशी मी नुसता दगड ठरेन. आणि दगडाचा चुना व्हायला कितीसा वेळ लागतो?