सिएनीचा दुसरा टप्पा

तिरेसाच्या किडन्या निकामी झाल्यापासून घरात तिचंच राज्य आहे, असं तिच्या थोरल्या बहिणीचं, सिएनीचं, ठाम मत होतं. आठवड्यातून तीनदा भाऊ तिला गाडीने आपिया शहरात डायलिसिसला नेई. रविवारच्या प्रार्थनेत पाद्री तिचं नाव घेत. ऑकलंडहून मुलांचा फोन आला की पहिला प्रश्न, "तिरेसा मावशी कशी आहे?" आणि ती मुलं सिएनीची होती!

"पोरं माझी, पण मी जिवंत आहे का, हे कोणी विचारत नाही," तिरेसासाठी तारोचे, म्हणजे अळूचे, कंद पोटॅशियम उतरावं म्हणून दोनदा उकळून पाणी फेकताना सिएनी पुटपुटे. मग बहिणीसमोर बसून खारवलेलं गोमांस मुद्दाम दोन घास जास्तच खाई.

एकदा भावाला काम निघालं म्हणून दवाखान्यात सिएनी गेली. नर्स माकेरिता तिथे पेशंटच्या नातेवाइकांचीही तपासणी करत होती.

"मला नका सांगू," सिएनी तोऱ्यात म्हणाली, "आमच्यात बिघडलेली ही एकटीच." पण तिरेसापेक्षा आपण किती धडधाकट आहोत, हे कागदावर यावं असं वाटून तिने रक्त आणि लघवी दिली.

लघवीतून प्रथिनं जात होती. रक्तदाबही चढलेला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी तेच.

"किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा," माकेरिता म्हणाली. "किडनीचं काम साधारण सत्तर टक्के चालू आहे."

"अहो, पण मला काहीच होत नाही!"

"सुरुवातीला काही होतच नाही, मावशी. म्हणून तर कोणाला पत्ता लागत नाही. गोळी रोज घ्या, मीठ कमी करा. असंच बरीच वर्षं टिकवता येतं."

सिएनी घाबरली. पण परतीच्या वाटेवर मनात एक चोरटा आनंदही होता. आता लोक माझीही चौकशी करतील.

कोणी केली नाही. "तू? तू तर माझ्यापेक्षा टुणटुणीत!" पाद्रींची बायको हसून म्हणाली. मुलगा फोनवर म्हणाला, "दुसराच ना? मग ठीक आहे. मावशीला दे."

सिएनीने फोन तिरेसाच्या मांडीवर टाकला. "घे! तुझ्याच आजाराला मान आहे. माझा म्हणजे कोणाच्या खिजगणतीतही नाही."

तिरेसाने फोन बंद केला. सुयांनी गाठी आलेला हात पुढे करून म्हणाली, "मान हवाय? मग हा घे, ताई. मला कळलं तेव्हा पाचवा, शेवटचा टप्पा होता. तुझा कागद पाहिला आणि मी दोन दिवस नीट जेवले नाही. इतका जळफळाट झाला माझा."

"तुझा? माझ्यावर?"

"मग? तुझ्या हातात अजून सगळं आहे. आणि तू माझ्यासमोर बसून खारं गोमांस खातेस!"

त्या दिवसापासून दोघींचा स्वयंपाक एकत्र, बिनमिठाचा होऊ लागला. कुरकुर करत का होईना, सिएनी गोळी घेऊ लागली.

सहा महिन्यांनी तिच्या लघवीतून जाणारी प्रथिनं निम्म्यावर आली. तिने घरी येऊन सांगितलं, तर तिरेसा दिवसभर तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनेच दरडावून विचारलं, "पुढची तारीख कधीची? विसरलीस तर बघ!"