नऊ नंबरचे दोन पेले

त्या काळी आइस हॉकीच्या मोसमाची सुरुवात अशीच व्हायची. एका बाजूला गेल्या साली करंडक जिंकलेला संघ आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या संघांतून वेचून आणलेले आम्ही. हिवाळाभर एकमेकांच्या बरगड्या शेकणारी माणसं त्या एका संध्याकाळपुरती एका बाकावर बसायची.

मी आमच्या बाजूचा गोलरक्षक. सगळे मला गोलीच म्हणत. टोरोंटोत कपडे बदलायच्या खोलीत माझ्या डावीकडे क्लेम ट्रुडेल होता, उजवीकडे वासिल हुरिल्को. गेल्या हिवाळ्यात वासिलच्या काठीनं क्लेमचे पुढचे दात बर्फावर सांडले होते, मक्याचे दाणे सांडावेत तसे. तेव्हापासून दोघांचा अबोला.

"गोली, त्याला सांग, पाय सरकव."

"गोली, त्याला सांग, पाय माझा आहे, राहील तिथे राहील."

क्लेमचं लक्ष खरं तर दुसरीकडेच होतं. नोरीनवर त्याचा जीव होता आणि नोरीनचे वडील, गिलहूली मास्तर, चर्चच्या गायकांना शिकवत. बोळक्या तोंडानं फुसफुसणाऱ्याला मुलगी देणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आज सामन्यानंतरच्या मेजवानीला ते यायचे होते. क्लेमनं नवी कवळी करून घेतली होती आणि आरशासमोर एकच वाक्य घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं.

ह्या खेळात धड दात कुणाचेच नसत; बर्फावर उतरण्याआधी सगळ्यांनी आपापल्या कवळ्या काढल्या, कागदी पेल्यांत ठेवल्या आणि पेल्यांवर आपापले नंबर घातले. क्लेमला त्या दिवशी नऊ नंबरची जर्सी मिळाली होती. वासिलला सतरा. पण स्वतःच्या संघात वासिल वर्षानुवर्षं नऊच. हात सवयीचा, त्यानं नऊच लिहिला. फळीवर दोन नऊ शेजारी शेजारी बसले, आणि कुणाचं लक्ष गेलं नाही.

खेळात मात्र नवल घडलं. तोंडं बंद होती, पण काठ्या बोलत होत्या. वासिलनं न बघता चकती सोडावी आणि क्लेम नेमका तिथे असावा, ओवीच्या एका ओळीमागून दुसरी यावी तसं. आमचा एकुलता एक गोल त्या दोघांनीच केला. गोल झाल्यावर दोघं दोन दिशांना गेले. आम्ही हरलो.

मेजवानीत पुन्हा मी मधे.

"गोली," क्लेम तोंडावर रुमाल धरून पुटपुटला, "ही कवळी माझी नाही रे. केवढी मोठी, गदगदा हलतेय!"

"गोली," वासिल उजवीकडून कण्हला, "माझी आटली की काय? हिरड्या चिमटतायत."

मी दोघांकडे पाहिलं आणि पेल्यांची अदलाबदल माझ्या ध्यानात आली. तेवढ्यात नोरीनचा हात धरून गिलहूली मास्तर समोर उभे.

"तर ट्रुडेल, मुलगी म्हणते तुला काही विचारायचंय. बोल. आणि स्पष्ट बोल."

क्लेम उठला. त्यानं तोंड उघडलं. पहिल्या शब्दाआधी कवळीच बाहेर आली आणि वाटाण्याच्या सुपात डुबकन बुडाली. नोरीननं डोळे मिटले. क्लेमच्या ओठांतून नुसता वारा फुसफुसला.

मास्तरांच्या भुवया चढल्या. ते वळणार, इतक्यात वासिल उठला. आवळलेल्या जबड्यानं, पण एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "मास्तर, ह्याला तुमच्या नोरीनशी लग्न करायचंय. तिला सुखात ठेवीन म्हणतोय."

"मग तू कशाला बोलतोस?"

"तोंड तेवढं माझं, मास्तर. दात ह्याचेच आहेत." त्याची मान खाली गेली. "आणि ह्याचे खरे दात मीच पाडले. निदान एवढं तरी मी बोलायला हवं."

मास्तरांनी सुपात पाहिलं, वासिलच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या मिशीचं टोक हललं. "आधी ज्याचे त्याला द्या. मग बघू."

खांबाआड पाण्याच्या भांड्यात धुणं-विसळणं झालं. क्लेम परतला आणि त्यानं आपलं वाक्य म्हटलं. शब्द कसे, धुतलेल्या काचेसारखे.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "शेवटी जरा घाई केलीस," ते म्हणाले. "पण चालेल. नोरीनची आई जेवणाचं बघेल, रविवारी ये."

नोरीन हसली, रडली, आणि तिनं क्लेमच्या आधी वासिललाच मिठी मारली.

सगळे पुन्हा बसले. वासिल थोडा वेळ चुळबुळला. "गोली, त्याला सांग..." म्हणाला आणि थांबला. मग माझ्या पाठीमागून वाकून स्वतःच म्हणाला, "क्लेम, लेका, पाय सरकव की."

क्लेमनं सरकवला.